सपाट माप

लढाई सरली तेव्हा वडगावच्या पेठेत साखर वाटली होती. विलायतेकडं कोण जिंकलं, कोण हरलं, याच्याशी पेठेला देणंघेणं नव्हतं. लढाई सरली म्हणजे आता रॉकेल, मीठ आणि कापड उतरणार, एवढंच लोकांनी धरलं होतं. साखर वाटून तीन महिने झाले, उतरलं काहीच नाही. वर पावसानं दगा दिलेला, मानमोडीच्या तापानं घरटी एक माणूस नेलेलं. माघात जोंधळा रुपयाला चार शेरांवर आला. मग सरकारनं भावाचा निरख ठरवून दिला, याच्यावर कुणी विकायचा नाही म्हणून. पुढच्या बाजारी पेठेत जोंधळ्याचा दाणा दिसेना. व्यापाऱ्यांनी पोती माडीवर चढवली आणि शेतकऱ्यांनी जमिनीतल्या पेवांची तोंडं लिंपून घेतली.

"निरख आला आनि जोंधळा गेला," रोशनबी म्हणाली. "पावना आला की कोंबडी पळती, तसं झालं."

तिचा नवरा मीरासाब पेठेचा मापाडी. बाप मापाडी, आजाही मापाडी. बाजारच्या दिवशी धान्याच्या राशीपाशी एक गुडघा मोडून बसायचं, पायली राशीत खुपसायची, दोन्ही हातांनी वर शीग चढवायची आणि घेणाऱ्याच्या घोंगड्यात ओतायची. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, 'बरकत' म्हणायचं. मग दोन, तीन. वरचा दाणा घसरून खाली येईपर्यंत त्याची शीग चढायची, ना कुणाला जास्त, ना कुणाला कमी. पोत्यामागं एक मूठ त्याच्या हक्काची. त्या मुठींवर नवराबायकोचं पोट भरत आलं होतं आणि सलमा ही एकुलती लेक वाढून, दीड वर्षामागं गारगोटीला नांदायला गेली होती.

आता बाजारात मापायलाच काही नव्हतं. तीन बाजार मीरासाब मोकळ्या जागेवर पायली पालथी घालून बसला आणि दिवस कलल्यावर घरी आला.

"आज काय मापलंसा?" रोशनबीनं विचारलं.

"वारं."

"किती पायली?"

"धा-बारा झालं असंल."

"मग सांडलं का काय वाटंत? कमरंला एवढंच कसं?" म्हणत तिनं त्याच्या खपाटीला गेलेल्या पोटाला बोट लावलं. दोघं हसली. मग तिनं आंबलीचं गाडगं मध्ये ठेवलं. आंबील इतकी पातळ होती की तीत छपराचा वासा दिसत होता.

फाल्गुन लागता लागता सरकारनं पेठेतल्या धर्मशाळेत स्वस्त धान्याचं दुकान काढलं. माल पोचवायचा आणि दुकान चालवायचा ठेका हंबीररावाला मिळाला. त्याच्या चार गाड्या होत्या आणि पेठेत दबदबा होता. लिहायला कोल्हापुराहून गणपतराव नावाचा कारकून आला. मापाडी म्हणून मीरासाबलाच बोलावणं आलं. पगार ठेकेदार देणार.

"आता तुमी सरकारी मानूस," रोशनबी म्हणाली आणि त्याच्या मुंडाशाला हातानं साबण लावून ते वाळत घातलं. "आता घरात शिरताना खाकरत जावा. आमी उठून उभं ऱ्हातो."

पहिल्या दिवशी धर्मशाळेपुढं माणूस मावत नव्हतं. माणशी आठवड्याला अधोली, म्हणजे दोन शेर, असं ठरलेलं. पोत्याचं तोंड उसवलं आणि मागची माणसं टाचा वर करून बघू लागली. आत जोंधळा नव्हता. तांदूळ होता, बारीक तुकड्यांचा, पिवळट, कुबट वासाचा.

"रंगूनचा आहे," गणपतराव म्हणाला.

सगळ्यात पुढं बनाबाई होती. मीरासाबच्या बोळाला लागून तिचं खोपट होतं. रोजगाराला जाणारी म्हातारी. गेल्या दिवाळीत तिचा थोरला लेक तापानं गेला होता. तिनं चिमूटभर दाणे घेऊन हुंगले.

"ह्याची भाकरी कशी थापू? पानी लावलं की पळंल की ह्यो."

"शिजवून खायचा, बाई."

"खाईन की. आनि तासाभरानं परत भूक लागली म्हंजे कुनाकडं यिऊ? तुमच्याकडं?"

लोक हसले. गणपतरावही जरासा हसला. तिशीचा, फाटक्या अंगाचा माणूस होता. कोटाला कोपराशी ठिगळ होतं.

मीरासाबनं बिसमिल्ला केलं, अधोली पोत्यात खुपसली, दोन्ही हात वर फिरवले. तुकड्याचा तांदूळ, तरी शीग सुरेख चढली. "बरकत," तो म्हणाला आणि बनाबाईच्या पदराकडं वळला.

"थांबा, मापाडी." गणपतरावानं हात आडवा घातला. "शीग नाही. माप सपाट." त्यानं हुकमाचा कागद वाचून दाखवला आणि एक तासलेली फळी पुढं केली. "वरून ही फिरवायची. तक्रारी आल्यात म्हणे. मापाडी आपल्या माणसाला शीग चढवतात आणि परक्याला पोकळ माप देतात. म्हणून सगळ्यांना एकसारखं."

"मी कवा पोकळ दिलं?"

"तुम्ही नाही हो. कुठंतरी कुणीतरी."

मीरासाबनं फळी हातात घेतली. चाळीस वर्षं त्या हातांनी माप भरलं होतं, खरवडलं कधी नव्हतं. फळी मापाच्या काठावरून खर्र करत गेली आणि वरचा तांदूळ परत पोत्यात पडला. बनाबाईनं पदर धरला होता तो तसाच राहिला.

"मीरासाबा," ती म्हणाली, "तुझा हात कुठं गेला रं?"

मागून कुणी म्हणालं, "आता मीरासाब न्हाय, फळीसाब!" संध्याकाळपर्यंत ते नाव पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचलं.

दुसऱ्या दिवशी ते विहिरीवर पोचलं. रोशनबी घागर घेऊन गेली तर बायकांनी जागा दिली नाही. दोर ओढताना त्या एकमेकींशी बोलायच्या आणि ती जवळ आली की गप्प व्हायच्या. बनाबाई तर तिच्याकडं पाठ करून उभी राहिली. मानमोडीत बनाबाईचं घर आजारी होतं तेव्हा रोशनबीनं पंधरा दिवस तिथं पाणी भरलं होतं. दोघींनी एका तव्यावर भाकरी केल्या होत्या.

"भरा, भरा घागर, फळीसाबीन," कुणीतरी म्हणालं. "सपाट भरा पर."

रोशनबी फाटक्या तोंडाची. एरवी तिनं चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती घागर भरून आली आणि चुलीपुढं बसून राहिली. नवऱ्याला काही सांगितलं नाही. पण संध्याकाळी मीरासाबनं पाहिलं की ती पाण्याला विहीर सोडून पार ओढ्याच्या झऱ्यावर चालली आहे. त्यानं घागर तिच्या हातातून घेतली.

"सोडा. बाप्यांनी पानी आनल्यालं कुनी बघितलं तर?"

"बघूंद्या. नाव तर ठेवून झालंय माझं. आता काय दुसरं ठेवत्यात?"

तो झऱ्यावर गेला. ती मागून गेली आणि परतताना घागर आळीपाळीनं दोघांनी आणली.

त्याच आठवड्यात सलमा बाळंतपणाला माहेरी आली. जावई मौला तिला गाडीत घालून दोन दिवसांच्या वाटेनं घेऊन आला. सातवा सरून आठवा लागलेला. हातपाय काटक्या आणि पोट तेवढं पुढं. मौलानं येताना तिच्या वाटणीचा पायलीभर जोंधळा बांधून घेतला होता, तो नाक्यावर शिपायांनी उतरवून घेतला. एका पेट्यातला, म्हणजे तालुक्याच्या एका भागातला, दाणा दुसऱ्या पेट्यात न्यायचा नाही, असा हुकूम होता.

"मी म्हनलं, ही बाई नेऊ का तिकडं? तर म्हनला, बाई ने, जोंधळा ठेव," मौलानं सांगितलं. "म्हनलं, आरं, जोंधळा बाईचाच हाय. तर हसाय लागला."

मौला एक दिवस राहिला. सासूनं वाढलेला भात त्यानं अर्धाच खाल्ला आणि पोट भरलं म्हणून उठला. जाताना सलमाच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला आणि मोकळ्या गाडीत बसून निघाला.

मीरासाब नव्या तलाठ्याकडं चावडीत गेला. "लेक आलीया बाळंतपनाला. यादीत तिचं नाव घाला."

तलाठ्यानं यादी चाळली. "कुठली ती?"

"गारगोटीची."

"मग तिचं नाव तिकडच्या यादीत असणार. दोन ठिकाणी कसं घालू?"

"साहेब, नाव गारगोटीला हाय खरं, पर पोट हितं हाय की."

"यादी नावांची आहे, मीरासाब. पोटांची नाही." तलाठी वाईट माणूस नव्हता, तोही कंटाळला होता. यादी भाद्रपदात केलेली, तापाच्या आधी. तीत बनाबाईचा मेलेला लेक होता आणि पेठेतली आणखी साठ माणसं होती, जी आता नव्हती. माहेरवाशिणी नव्हत्या, बाहेरून आलेले धनगर नव्हते, तापानं पोरकी होऊन मामाच्या दारी आलेली पोरं नव्हती. मेलेली नावं खोडायचा हुकूम आला होता. जिवंत घालायचा आला नव्हता.

दोघांचा तांदूळ तिघांत वाटू लागला. रोशनबी सलमाला वाढताना पळी दाबून वाढायची आणि स्वतःच्या ताटलीत पेज ओतून म्हणायची, "मला आपलं पातळच बरं. दातं दुखत्यात."

"अम्मा, पेजंला दातं कशाला लागत्यात?"

"खा गप."

दुकानात मीरासाब रोज फळी फिरवत होता. शिव्या ऐकायची सवय झाली. हाताला मात्र सवय होईना. अजून पहिल्यांदा शीग चढायची आणि मग खरवडावी लागायची. चोवीस पायल्या मोजून झाल्या की हंबीररावाचा गाडीवान पोतं बाजूला ओढायचा आणि नवं पुढं सारायचा. एका संध्याकाळी ती मोकळी पोती घडी घालताना एक त्याच्या हाताला जड लागलं. त्यानं दुसरं उचललं. तेही जड. हात घातला तर तळाशी तांदूळ. हंबीररावाचा गाडीवान आला आणि रोजच्यासारखा ती 'मोकळी' पोती गाडीत टाकून घेऊन गेला.

मीरासाब तिथंच पायरीवर बसला. मग उठून गणपतरावाकडं गेला.

"साहेब, एका पोत्यात किती लिवत्यात?"

"चोवीस पायली."

"बराबर. पर त्ये चोवीस शिगंचं. पोतं भरताना शीग लावून भरत्यात, पयल्यापासनं तसंच हाय. आनि आपुन देतो सपाट. मग सत्तावीस व्हायाला पायजेत. वरच्या तीन कुठं जात्यात?"

गणपतराव लेखणी पुसत होता. त्याचा हात थांबला.

"तुम्ही मोजून पाहिलंत?"

"हातानं कळतंय."

गणपतरावानं दाराकडं पाहिलं. "वहीत चोवीसला चोवीस जुळतात, मीरासाब. जुळल्यावर वर कुणी विचारत नाही. आणि मी विचारलं तर..." तो थांबला. "आई आहे, दोन बहिणी आहेत. मीही हाच तांदूळ खातो. सपाटच घेतो, खोटं नाही सांगत."

"मला ठावं हाय, साहेब. मीच मापतो की."

गणपतराव हसला आणि मान खाली घालून लिहू लागला.

पण बोलणं कुणीतरी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी हंबीरराव स्वतः आला. पोत्यावर बसला, पानाची चंची काढून मीरासाबपुढं धरली.

"लेक पोटुशी हाय म्हनं तुझी?"

"व्हय."

"यादीत न्हाय?"

"न्हाय."

"मग असं कर. रोज जाताना शेरभर बांधून नेत जा. तुझ्या हक्काची मूठ समज. मापाड्याला मूठ असतीच की." त्यानं पान जमवून तोंडात टाकलं. "आनि हाताला काय जड लागतंय, काय हलकं लागतंय, त्ये हातापाशीच ठेव."

घरी येऊन मीरासाबनं दोघींना सगळं सांगितलं. रोशनबीनं लेकीकडं पाहिलं. लेकीच्या गळ्याची हाडं वर आली होती.

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "मी आई हाय. मला इचारू नगा."

सलमा भिंतीला टेकून बसली होती. "अब्बा, तुमी आनलासा तर मी खाईन. खोटं कशाला बोलू? भूक लागतीया. भात संपला तरी हात ताटलीतच ऱ्हातोय." तिनं पोटावरचा पदर सारखा केला. "पर अम्मा विहीर सोडून झऱ्यावर जाती, त्ये मला दिसतंय. आज तुमी काय न करता जाती. उद्या मग कुठं जाईल?"

मीरासाब उठला आणि बाहेर जाऊन उगीच दाराची कडी घट्ट करत बसला. रोशनबीनं घागर उचलली. ती झऱ्याकडं गेली नाही, सरळ बनाबाईच्या खोपटाशी गेली.

"आक्का, बोलू नगंस," ती दारातूनच म्हणाली, "नुसतं ऐक."

बनाबाईनं पाठ फिरवली, पण आत गेली नाही. रोशनबीनं तीन पायल्यांचं सांगितलं, शेरभराचं सांगितलं. ऐकता ऐकता म्हातारी वळली.

"आनि त्यो न्हाय म्हनाला?"

"अजून म्हनाला न्हाय. कडी आवळत बसलाय. पर म्हनंल."

"म्हनंल की. मला काय ठावं न्हाय व्हय त्यो?" बनाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि एकदम ओरडली, "आगं, मग दारात काय हुबी हाईस भिकारणीगत! आत ये!"

सोमवारी मामलेदार दुकान बघायला येणार होते. त्या दिवशी दहा वाजता दुकान उघडलं तर धर्मशाळेच्या पायऱ्यांवर चाळीस-पन्नास बायका बसलेल्या. बनाबाई मध्ये आणि तिच्या शेजारी रोशनबी. मागं बाप्ये उभे होते; आरडाओरडा बाप्यांचाच जास्त होता. रॉकेलचं काय, मिठाचं काय, आमचा जोंधळा नाक्यावर धरता आणि आम्हाला रंगूनचं भुस्कट खायला घालता. कुणी काय, कुणी काय.

मामलेदार टांग्यातून उतरले. वयस्क गृहस्थ, उन्हानं तोंड लाल झालेलं. "काय पाहिजे तुम्हाला?"

बाप्ये गप्प झाले. बनाबाई उठली.

"सरकारशी भांडाय आलो न्हाय आमी. भांडून काय, सरकार कोल्लापुरात, आमी हितं. एक पोतं आमच्या म्होरं मापा. एवढंच."

"मापून काय होणार?"

"त्ये मापल्यावर दिसंल."

हंबीरराव पुढं झाला. "साहेब, ह्या बायका..."

"पोतं आणा," मामलेदार म्हणाले. त्यांना उन्हात उभं राहायचं नव्हतं.

पोतं आणलं. मीरासाब गुडघा मोडून बसला. हंबीरराव त्याच्या समोरच उभा होता, इतका जवळ की जोड्याचं टोक पायलीला लागत होतं. मीरासाबनं एकदा त्या जोड्याकडं पाहिलं, मग पायली हातभर अलीकडं ओढून घेतली. फळी उचलली.

"बरकत," तो म्हणाला. मग शेवटच्या पायरीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला. "बरकत! दोन. तीन."

पायली भरायची, फळी फिरायची, तांदूळ घोंगड्यावर पडायचा. वीसनंतर बायका त्याच्याबरोबर मोजू लागल्या. चोवीस झाले आणि मीरासाब थांबला. त्यानं मामलेदारांकडं पाहिलं.

"अजून आहे?" मामलेदारांनी विचारलं.

"हाय, साहेब."

"मग थांबलात का?"

पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. वर तळाच्या दोन मुठी.

"हे पोतं जास्ती भरलं असंल," हंबीरराव म्हणाला.

"दुसरं आणा."

दुसऱ्यात सत्तावीस भरले. तिसऱ्यात एक शेर कमी. गणपतराव वही छातीशी धरून उभा होता. मामलेदारांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "वहीत चोवीस आहेत, साहेब. मापाड्यानं मला आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मी वर कळवलं नाही. चूक माझी."

मामलेदारांनी रुमालानं मान पुसली. हंबीररावाकडं बराच वेळ पाहिलं. मग बायकांकडं वळले. "सपाट मापाचा हुकूम मला बदलता येत नाही. तो वरून आलाय. नाक्याचाही येत नाही. पण चोवीसच्या वर जे निघेल ते ठेकेदाराचं नव्हे. यादीत नसलेल्यांची नावं लिहा आणि ते इथंच वाटा. कारकून, आजपासून."

एवढंच झालं. टांगा निघून गेला. रॉकेल तेवढंच महाग राहिलं आणि तांदूळ तेवढाच कुबट. पण मागं उभा असलेला एक धनगर दोन्ही हात जोडून पुढं आला आणि त्याच्यामागं पोरं, म्हाताऱ्या, माहेरवाशिणी. सलमाची पाळी आली तेव्हा लोकांनी तिला सावलीनं पुढं घेतलं.

"नाव?" गणपतरावानं विचारलं.

"सलमा मौला. गारगोटी."

"मुक्काम?"

"हितंच."

मीरासाबनं अधोली भरली. समोर पोटुशी लेक ओटी धरून उभी. त्यानं फळी फिरवली, इतरांच्या मापावर फिरवली तशीच, काठाला काठ. अधोली तिच्या ओटीत रिकामी केली. सलमानं वाकून त्याच्या हाताला हात लावला आणि बाजूला झाली.

संध्याकाळी हंबीररावाचा गाडीवान निरोप घेऊन आला. उद्यापासून मापाड्यानं येऊ नये; दुसरा माणूस बघितला आहे. मापाड्याचा पगार ठेकेदाराच्या हातात, त्यात सरकारला बोलता येत नव्हतं. गणपतराव पायरीपर्यंत आला.

"मी वर लिहितो."

"लिवा, साहेब. आनि पोती रोज हातानं बघत जावा. जड लागलं की समजायचं."

घरी रोशनबीनं ऐकलं आणि चुलीत फुंकर घालत म्हणाली, "बरं झालं. खाकरत घरात येत हुता, माझी झोपमोड हुईत हुती." मग फुंकणी खाली ठेवून त्याच्या तळव्यावर आपला तळवा ठेवला. "वाठारच्या वाटंवर खडी फोडायचं काम निघालंय. बनाआक्का जाती. उद्या आपुन बी जाऊ."

वाठारच्या वाटेवर चैताचं ऊन मीरासाबला कधी लागलं नव्हतं असं लागलं. रस्त्याच्या कडेला प्रत्येकानं आपापली खडीची रास घालायची. दिवस कलताना मुकादम लाकडी चौकटीनं ती मोजणार आणि त्यावर मजुरी. वीसभर बायका डोक्यावर पदर ओढून बसल्या होत्या. मीरासाबचा पहिला घाव दगड सोडून अंगठ्यावर बसला.

"आगं आयाया," बनाबाई म्हणाली. "मापाड्याचं हात. लोण्याचं हाईत." तिनं आपल्या पटकुराची चुंबळ करून त्याला दिली. "ही दगडाभवती धर. आनि हातोडी टाकायची, मारायची न्हाय. तिच्याच वजनानं पडूंदे."

तीन दिवसांत त्याला जमू लागलं. तळव्यांना फोड आले, फुटले, त्यावर रोशनबीनं हळद बांधली. रोशनबीची रास त्याच्या दीडपट व्हायची आणि ती प्रत्येक संध्याकाळी ते मोठ्यानं सांगायची.

आठव्या दिवशी दुपारी पेठेकडून एक बाई पळत आली. सलमाला कळा लागल्या होत्या. रोशनबी हातोडी टाकून उठली. तिच्याबरोबर बनाबाई उठली, मग तिच्या पलीकडची, मग तिच्या पलीकडची.

"अगं, तुम्ही कुठं निघाला?" मुकादम ओरडला. "बाळंतीण एक आणि चालल्या सात! रास पुरी झाली नाही तर मजुरी कापीन, सांगून ठेवतो!"

"काप की," बनाबाई न वळता म्हणाली. "पयलटकरीन हाय पोर. हितं बसून खडी फोडू व्हय?"

सात जणी धुळीतून गेल्या. मीरासाबही उठला होता, पण रोशनबीनं लांबूनच हात केला की बाप्यांचं काम नाही. तो उभा राहिला. सात अर्ध्या राशी कडेला पडल्या होत्या. त्यानं आपली चुंबळ उचलली आणि पहिल्या राशीपाशी जाऊन बसला.

ऊन पाठीवरून कुशीवर आलं. फोड पुन्हा फुटले. हातोडीचा दांडा निसटू लागला म्हणून त्यानं मुंडाशाची चिंधी फाडून तळव्याला गुंडाळली. पहिली रास पुरी झाली, तो दुसरीशी सरकला. राहिलेल्या बायकांनी पाहिलं आणि त्यांच्यातल्या दोघी येऊन तिसऱ्या-चौथ्या राशीशी बसल्या. मुकादम चौकट घेऊन आला, एक रास मोजली, दुसरी मोजली, वहीत मांडली आणि पुढं गेला.

दिवस बुडायला आला तेव्हा बनाबाई एकटीच परत आली. लांबूनच ओरडत आली.

"मीरासाबा! पोरगी झाली रं! काळीसावळी, नाक तेवढं तुझं. आनि वरडती अशी, की मी म्हनलं, रोशनबी, ही तुझीच नात!"

मीरासाबच्या हातून हातोडी गळाली. "आनि सलमा?"

"भात खायाला बसलीया. वाढतीया तिची आई, आनि ती खातीया. तुला तिकडं बोलवाय धाडलंय मला. आजान, तुमची बांग, कोन द्यायचं पोरीच्या कानात?" ती जवळ आली आणि थांबली. सात राशी ओळीनं उभ्या होत्या. शेवटची, तिची स्वतःची, वीतभर अजून कमी होती. तिनं त्याच्या हातांकडं पाहिलं. "आरं, नातीला बघायचं सोडून हितं काय करतुयास?"

"तुमची एवढी एक ऱ्हायलीया, आक्का," मीरासाब म्हणाला. "पंधरा-वीस घाव, की झालंच."

बनाबाई त्याच्या समोर मांडी घालून बसली आणि आपली हातोडी शोधू लागली.